भाजीत मीठ कसं होतं?

निकुरेभाऊंच्या समोरच्या खुर्चीवर माणूस बसला, की नाव-गाव-वय राहायचं बाजूला, त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "काल भाजीत मीठ कसं होतं?"

माणूस गडबडून जायचा. दोन एसट्या बदलून आलेला, बायकोने नाहीतर भावाने हाताला धरून आणलेला, कित्येक दिवस धड झोप नाही, आणि समोरचा पांढऱ्या बुशकोटातला गृहस्थ मिठाची चौकशी करतोय! एक म्हातारा तर उठून बाहेर गेला आणि दारावरची पाटी पुन्हा वाचून आला. पाटीवर 'समुपदेशन कक्ष' असं लिहिलेलं होतं. त्याने त्याचं समाधान झालं असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे तो शब्द वाचता येणारे पुष्कळ, पण त्याचा अर्थ सांगणारा मला एकच माणूस भेटला. निकुरेभाऊ म्हणायचे, "समुपदेशन म्हंजे समोरच्याले उपदेश न देने."

तुळशीराम निकुरे हे आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले समुपदेशक. मन लागत नाही, झोप येत नाही, जगण्यात राम वाटत नाही, अशी माणसं त्यांच्याकडे यायची. मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काढली. आज त्यांची खुर्ची माझ्याकडे आहे. आणि त्यांचा तो मिठाचा प्रश्न त्यांनाच विचारायची पाळी माझ्यावर आली, म्हणून तर हे लिहायला बसले. पण तिथे यायला जरा वेळ लागेल, कारण भाऊंबद्दल थोडक्यात सांगणं मला कधी जमलेलं नाही.

आमचा कक्ष म्हणजे दवाखान्याची अगदी मागची खोली. एक बाक, तीन खुर्च्या, एक कपाट, आणि खिडकीतून थेट धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. भाऊ आधी मलेरियाच्या कामावर होते, मग क्षयरोगाच्या गोळ्या वाटायचे, मग कुणीतरी त्यांना प्रशिक्षणाला पाठवलं आणि ते इथे आले. पण त्यांचं खरं शिक्षण झालं होतं झाडीपट्टीच्या नाटकांत. तरुणपणी ते वडशाच्या एका मंडळीत प्रॉम्प्टर होते. "पडद्यामांगं बसाचं, अन् मानूस कुठी अडकते ते आइकत राह्याचं," ते सांगायचे. "लवकर बोललं तं त्याले राग येते. उशिरा बोललं तं त्याची इज्जत जाते. हेच काम इथीबी करून राह्यलो."

मिठाचा त्यांचा सिद्धांत साधा होता. दुःखी माणसाला मीठ समजत नाही. ताटात पडेल ते तो गिळतो आणि उठतो. त्याला विचारलं, की म्हणतो, "ध्यान नाई जी." भाऊ रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे 'अ' लिहायचे. अ म्हणजे अळणी. पुढच्या खेपेला तो "बरोबर होतं" म्हणाला, की 'ब'. पण या 'ब'वर भाऊंचा काडीचा विश्वास नव्हता. "हा आपल्याले खुश करून राह्यला. आपल्याकडचा मानूस दवाखान्यात येऊन 'बरोबर नाई' म्हनते काय?" आणि मग एखाद्या दिवशी तोच माणूस बसता बसताच कुरकुर करायचा, "काय सांगू भाऊ, काल बायकोनं आलू-वांग्यात मूठभर मीठ टाकलं, तोंडात घालवत नव्हती!" भाऊंचा चेहरा असा काही उजळायचा, की त्या माणसाला वाटावं आपण भाजीबद्दल नाही, मुलाच्या लग्नाबद्दल बोललो. ते ठसठशीत 'ख' लिहायचे आणि त्याला चहा पाजायचे.

एकदा जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी रजिस्टर उघडून विचारलं, "हे ख म्हणजे काय?"

भाऊ उभे राहिले. "खात्रीशीर सुधारणा, सर."

साहेबांनी समाधानाने खाली सही केली.

मी नागपूरहून पदवी घेऊन आले ती डोक्यात आकडे घेऊनच. त्याच सुमारास वरून तो नऊ प्रश्नांचा कागद आला. प्रत्येक रुग्णाकडून पहिल्या भेटीत भरून घ्यायचा, मग दर महिन्याला. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त, आणि उपचाराने ते उतरत गेले पाहिजेत. मला तो कागद फार आवडला. आपण दिवसभर जे बोलतो, ऐकतो, त्याचा काही उपयोग होतो की नाही, हे शेवटी कळणार होतं. भाऊंनी तो कागद लांब धरून वाचला आणि म्हणाले, "मॅडम, हा नागपूरच्या मानसाचा कागद आहे. हा आपल्याकडे आला तं यालेच समुपदेशन लागन."

पहिल्याच दिवशी त्याची प्रचिती आली. प्रश्नांची सुरुवात होती, 'गेल्या दोन आठवड्यांत'. आमच्याकडे बायाबापड्या दिवस मोजतात ते आठवडी बाजारावरून. म्हणून मी हुशारीने सोपं करून विचारलं, "गेल्या दोन बाजारात तुम्हाला कधी रडू आलं का?"

समोरची बाई नीट आठवून म्हणाली, "बजारात नाई रडली जी मी. बजारात लोक पाहतेत. घरी लय रडली."

भाऊ तोंडाला रुमाल लावून खिडकीकडे वळले.

आणखी एक प्रश्न होता, पेपर वाचताना लक्ष लागतं का. "पेपर कोन वाचते बाई?" थकवा येतो का, असाही होता. आणि रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तो विचारला, तर चिखलात दिवसभर वाकून आलेला अख्खा तालुका तीनपैकी तीन गुणांनी आजारी.

पण खरी धमाल केली सखूबाईने. ही आरमोरीकडच्या एका खेड्यातली विधवा. पहिल्या भेटीत तिचे गुण आले एकोणीस. तीन महिने ती नेमाने आली, बोलली, गोळ्या घेतल्या. मग कागद भरला तर आले सात. मी आनंदाने तिला आकडा सांगितला आणि तिचा चेहरा पडला. "मांगं एकोनीस भेटले होते ना वो? आता सातच? मी तं सारं खरं खरं सांगतलं." मी तिला दहा मिनिटं समजावलं, की इथे कमी म्हणजेच चांगलं. तिने मान हलवली. पुढच्या महिन्यात ती नव्या लुगड्यात हसत आली, आणि कागदावर गुण आले चोवीस. जाताना मला हळूच म्हणाली, "आता पास झाली ना?"

तिने एकटीने आमच्या कक्षाचा आलेख बिघडवला. जिल्ह्याहून कारणं दाखवा म्हणून पत्र आलं. भाऊंनी उत्तर लिहिलं, 'रुग्ण मेरिटमध्ये आली आहे.' ते पत्र मी पाठवू दिलं नाही.

महिन्याच्या बैठकीत आम्ही सगळे समुपदेशक जिल्ह्याच्या ठिकाणी जमायचो, आणि या कागदावरून हमखास जुंपायची. कुणी म्हणे, वीस मिनिटांतली दहा कागदच खातो, मग बोलायचं कधी? घुग्घुसकडचा एक जण सांगे, की खाणीतल्या माणसांना कागदच बरा वाटतो. शिफ्टवर जाताना त्यांना फॉर्म भरायची सवय असते, आणि तोंडाने जे सांगवत नाही त्यावर निमूट खूण करतात. एक बाई तर महिनाअखेरीस सगळे कागद एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरायच्या, आणि त्यांचाच आलेख सर्वांत सुरेख उतरायचा. भाऊ ऐकत बसायचे. फारच आग्रह झाला तेव्हा एकदा म्हणाले, "थर्मामीटरशी माहं भांडन नाई. पन ताप मोजाचा त्याचा, अन् मार्क द्याचे आपल्याले, हे काऊन?"

मला तेव्हा राग आला होता. मला वाटायचं हा माणूस मोजमापाला घाबरतो. आपलं काम कुणी तपासू नये म्हणून मिठाच्या गोष्टी सांगतो. मी त्यांना तसं तोंडावर बोललेही. ते चिडले नाहीत. "मंग तू कागद भर, मी मीठ इचारतो. पाहू कोन फसते." तिथपासून मी त्यांची 'मॅडम'ची 'बेटा' झाले.

फसले भाऊच. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकणारी एक मुलगी आली होती. टापटीप, हसरी. मिठाचा प्रश्न ऐकून खळखळून हसली. "खारट होतं! आईला म्हटलंसुद्धा." भाऊंनी 'ख' लिहायला पेन उचललं. मी केवळ हट्ट म्हणून तिच्यापुढे कागद सरकवला. आठ प्रश्नांवर तिने भराभर शून्य दिले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे तिचं पेन थांबलं, आणि तिने तिनावर गोल केला. जवळपास रोज.

त्या दिवशी आम्ही दुपारचं जेवलो नाही. तिच्या आईला आत घेतलं, डॉक्टरांना बोलावलं, सगळं करता करता संध्याकाळ झाली. ती पोरगी आज आरमोरीला शाळेत शिकवते, अधूनमधून फोन करते. पण त्या संध्याकाळी ती आईबरोबर निघाल्यावर भाऊ बाकावर येऊन बसले. मग म्हणाले, "मीठ खोटं बोललं, बेटा."

दुसऱ्या दिवसापासून नववा प्रश्न ते स्वतः विचारू लागले. कागदावरून नाही. खुर्ची पुढे ओढून, हळू आवाजात, "मरावं वाटते काय? सांगा. मी घाबरत नाई." आणि मला ताकीद दिली, "हा प्रश्न कागदावर टाकून खिडकीतून बाह्यर नाई पाह्याचं. तोंडाकडे पाहून इचाराचा." माझा कागदावरचा विश्वास त्या दिवशी वाढला आणि भाऊंवरचाही. दोन्ही एकदम कसे वाढले ते मला आलेखात दाखवता येणार नाही.

आता भाऊंच्या घरच्या काकूंबद्दल. भाऊंचा डबा रोज दीड वाजता उघडायचा. पहिला घास घेतला की भाऊ डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आजबी!" काकूंचा हात मिठाला फार सढळ. मी एकदा त्यांची वालाच्या शेंगांची भाजी चाखली आणि अर्धा तांब्या पाणी प्यायले. पण भाऊंनी डब्यात कधी शीत ठेवलं नाही.

"काकूंना सांगत का नाही तुम्ही?" मी विचारलं.

"पस्तीस वर्षं झाले लग्नाले. आता सांगतलं तं म्हनन, इतके दिवस काऊन नाई सांगतलं?"

जगाला मिठाबद्दल विचारणारा हा माणूस स्वतःच्या घरी त्या विषयावर अवाक्षर काढत नव्हता. आम्ही त्यांना यावरून किती चिडवलं! भाऊ निवृत्त झाले त्या निरोपसमारंभात मी भाषणात ते सांगायला घेतलं तेव्हा काकू पहिल्याच ओळीत बसल्या होत्या. भाऊंनी मला असे डोळे वटारले की मी वाक्य अर्ध्यावर गिळलं. काकूंना काही कळलं नाही. त्या सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होत्या.

निवृत्तीनंतर चार महिन्यांनी काकू गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं संपलं. मी भेटायला गेले होते. भाऊ आल्यागेल्याची व्यवस्था बघत होते, सगळ्यांना पाणी देत होते, मलाच धीर देत होते. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणाला, बाबा खंबीर आहेत. मीही मान हलवली. सात वर्षं त्यांच्याकडे शिकून मी मान हलवली, याची मला आजही लाज वाटते.

मग एका मंगळवारी भाऊ दवाखान्यात आले. हातात स्टेपलर. "हे सरकारी आहे, चुकून माह्या पिशवीत आलं होतं," म्हणाले. आमचं स्टेपलर माझ्यासमोर टेबलावर होतं. भाऊंच्या हातातल्यावर दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच होती. मी ते घेऊन कपाटात ठेवलं. ते खुर्चीवर बसले नाहीत, बाकाच्या अगदी टोकाला, दाराजवळ बसले. नवे रुग्ण बसतात तिथे. बुशकोटाचं मधलं बटण तुटलेलं होतं.

थोडा वेळ धानाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "एक कागद दे."

"कसला?"

"तोच. नागपूरचा."

मी दिला. त्यांनी चष्मा लावला आणि सराईतपणे शून्य, शून्य, शून्य करत आठ प्रश्न संपवले. अगदी आमच्या रुग्णांनी आम्हाला खूश करायला भरावे तसे. नववा कोरा ठेवला. कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला.

मी कागद सुलटा केला, नववी ओळ पाहिली. पुढे काय करायचं ते मला शिकवणारे भाऊच होते. मी खुर्ची पुढे ओढली. तोंडाकडे पाहून विचारलं, "भाऊ, मरावं वाटते काय? सांगा. मी घाबरत नाही."

मी घाबरले होते. त्यांनाही ते दिसलं असणार.

त्यांनी बुशकोटाची मोकळी बाजू सारखी केली. मग मान हलवली. "तसं नाई, बेटा. तसं असतं तं सांगतलं असतं. पन सकाळी उठून कराचं काय, हे समजत नाई."

"काल भाजीत मीठ कसं होतं?"

आणि निकुरेभाऊ, ज्यांना मी सात वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं, ते रुमाल शोधू लागले. रुमाल सापडेना. "दोन महिने झाले," ते म्हणाले. "शेजारची पोरगी डबा आनून देते. चांगला रांधते म्हनते लोक. मले मीठच समजत नाई."

मी रजिस्टर काढलं, त्यांचं नाव लिहिलं आणि पुढे 'अ' लिहिला. त्यांनी तो उलट्या बाजूने वाचला. "बरोबर," म्हणाले.

त्यानंतर ते दर मंगळवारी येऊ लागले. केसपेपर काढून, रांगेत उभं राहून. शिपाई म्हणाला, भाऊ, तुम्ही सरळ आत जा, तर त्याच्यावरच डाफरले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या घेतल्या. कागद आता ते खरा भरायचे. आधी सोळा आले, मग तेरा, मग अकरा. "सखूबाईसारखं नापासच होऊन राह्यलो," असं म्हणाले तेव्हा मला जरा बरं वाटलं. पण मीठ विचारलं की मान हलवायचे. मला आकडे उतरताना दिसत होते, तरी तो 'अ' काही हलत नव्हता. माझ्यासारख्या आकडेवालीची मंगळवार आला की भूक मरू लागली.

मागच्या मंगळवारी ते आले ते डबा घेऊन. काकूंचाच, तीन पुडांचा, कडेला पोचा आलेला. बाकाच्या टोकाला नाही, सरळ खुर्चीवर बसले. बटण जागेवर होतं. डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. वालाच्या शेंगा.

"मी रांधल्या. चाखून सांग."

मी घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. तांब्याला हात घातला.

"कसं आहे?" भाऊ पुढे वाकून विचारत होते. सातवीच्या पोराने निकालाच्या दिवशी विचारावं तसं.

"खारट."

"लय?"

"काकूंच्यासारखं."

भाऊंनी खुर्चीला पाठ टेकली. "तीन हप्ते झाले करून राह्यलो, जमतच नव्हतं. अंदाज चुके. मंग ध्यानात आलं, तिची मूठ लहान होती, माही मोठी. ती मुठीनं टाके. मी मंग मूठ अर्धीच भरली." त्यांनी अर्धी मूठ करून दाखवली आणि ती तशीच धरून ठेवली. "आता बरोबर तिच्यावानी झालं."

मग त्यांनी स्वतः घास घेतला. डोळे मिटले. "आजबी!" म्हणाले, आणि एकदम आवाज चढवून, "असं कोन खाते का वो? मानसाचा जीव जाईल! पस्तीस वर्षं खाल्लं मी हे!" बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावून पाहू लागली. जे काकूंना कधी सांगितलं नाही ते भाऊ सगळ्या दवाखान्याला ऐकवत होते, आणि दुसरा घास घेत होते.

मी रजिस्टर पुढे ओढलं. त्यांच्या नावापुढे ठसठशीत 'ख' काढला, आणि जिल्ह्याच्या साहेबांसाठी शेजारी कंसात 'खात्रीशीर' लिहायला घेतलं. भाऊंनी उलट्या बाजूने वाचलं आणि माझ्या पेनावर हात ठेवला.

"खात्रीशीर नको लिवू, बेटा," ते म्हणाले. "नुसतं खारट लिव."